मुलाखतीची तयारी म्हणजे पाठांतर नव्हे

भावा, 'स्वतःबद्दल सांगा'चं उत्तर घोकून जाऊ नकोस. मध्येच कुणी प्रश्न टाकला की साखळी तुटते आणि पुढचं काही आठवत नाही. चार मुद्दे डोक्यात ठेव, दीड मिनिटात संपव.

इंग्रजी फाडफाड येत नाही म्हणजे संपलं, हाही गैरसमजच. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत (धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात) क्वालिटीची, म्हणजे माल तपासायची, जागा असेल तर बोलण्यापेक्षा काम बघायला व्हर्निअर (जबड्यांत वस्तू धरून मोजायचं साधन) हातात देऊन माप घ्यायला लावू शकतात. त्याचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वांत लहान माप) बहुधा ०.०२ मिमी, त्याहून बारीक मोजणाऱ्या मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी. आधी जबडे मिटवून शून्य जुळतंय का बघ, नाहीतर प्रत्येक माप तेवढंच चुकतं. बायोडेटात 'कास्टिंग डिफेक्ट' (ओतीव भागातले दोष) लिहिलंस, तर साच्याच्या वाळूत ओलावा जास्त झाला की ब्लोहोल (वायू अडकून राहिलेली पोकळी) का पडतो, हे सांगता आलंच पाहिजे. पगाराचा आकडा घरूनच ठरवून नीघ.