घरी इटालियन पद्धतीचा झणझणीत चिकन पास्ता कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की तुमचा चिकन पास्ता तिखट होतो, पण चव इटालियन न लागता चिकनच्या रश्शात पास्ता घातल्यासारखी लागते. याला बहुतेक तीन गोष्टी कारण असतात: आलं-लसूण पेस्ट, गरम मसाला आणि वरून घातलेलं लाल तिखट. तिन्ही बाजूला ठेवा. चिकनला दही लावून मुरवत असाल तर तेही नको. रोमकडच्या आराब्बियाता सॉसमध्ये लसूण, सुकी लाल मिरची, टोमॅटो, ऑलिव्ह तेल आणि वरून थोडी पार्सली एवढंच असतं. मूळ कृतीत कांदासुद्धा नसतो. एवढ्याशा जिन्नसांत तो झणझणीत होतो, कारण मिरची आधी तेलात उतरलेली असते.

मिरचीतला तिखट अंश पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून सॉस झाल्यावर तिखट भुरभुरलं की ते कच्चं, घशाशी लागतं. तेच मंद गरम तेलात उतरलं की प्रत्येक घासाला सारखं येतं. इथे आपला हात फोडणीच्या सवयीने चुकतो. तेल कडकडीत तापवायचं नाही. थंड तेलातच ठेचलेला लसूण आणि मोडलेल्या सुक्या मिरच्या घाला, मग खाली बारीक आच लावा. तीन-चार मिनिटांत लसूण फिकट सोनेरी होतो, वास बदलतो आणि तेलाला केशरी रंग चढतो. घरात ठसका लागला तर मिरची जळली असं समजा. ते तेल टाकून पुन्हा सुरुवात करा, कारण तो कडूपणा टोमॅटोने झाकला जात नाही.

मिरची मी आपलीच वापरते. चार जणांसाठी तीन ब्याडगी रंगाला आणि दोन लवंगी झणक्याला. नुसती ब्याडगी घेतलीत तर सॉस दिसायला लाल आणि खायला सौम्य होईल. इटलीत मिरचीचं खरं वेड दक्षिणेला, कालाब्रियात. तिथल्या दियामान्ते गावात दर सप्टेंबरात मिरचीचा उत्सव भरतो. मिरची त्यांचीही मूळची नाही आणि आपलीही नाही. दोघांकडे ती अमेरिका खंडातून आली, आपल्याकडे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर. त्यामुळे बाटलीतले महागडे चिली फ्लेक्स आणायची गरज मला कधी वाटत नाही.

आता चिकन. इटलीत पास्त्यात चिकनचे तुकडे कालवायची रीत फारशी नाही. आधी पास्ता येतो आणि मांस त्यानंतर वेगळ्या ताटलीत. नेपल्समध्ये मोठे तुकडे सॉसमध्ये शिजवतात, त्या सॉसमध्ये पास्ता घोळवून आधी खातात आणि मांस मागाहून. मला हीच रीत चिकनला सगळ्यात चांगली वाटते. सॉसला चिकनचा उतारा मिळतो आणि चिकन कोरडं पडत नाही. घरच्यांना एकत्रच हवं असेल तर शिजलेलं चिकन हाडावरून सोडवून शेवटी मिसळा.

हाडासकट थाय पीस घ्या, साधारण ८०० ग्रॅम, कातडी काढलेले. ब्रेस्ट इतका वेळ शिजवला तर चोथा होतो. पीस कोरडे पुसा, मीठ आणि मिरपूड लावा आणि जाड बुडाच्या कढईत थोड्या तेलावर दोन्ही बाजूंनी खरपूस करून बाहेर काढा. कढई जरा निवू द्या. मग त्यातच चार टेबलस्पून ऑलिव्ह तेल, सहा-सात पाकळ्या लसूण आणि मिरच्या, वर सांगितल्याप्रमाणे. पाऊण किलो लालबुंद पिकलेले टोमॅटो किसणीवर किसून सालं टाकून द्या आणि तो रस कढईत ओता. तळाला धरलेलं खरवडून त्यात मिसळा, खरी चव तिथेच असते. चिकन परत घाला, झाकण किंचित उघडं ठेवून मंद आचेवर ३० ते ३५ मिनिटं शिजवा. कडेला लाल तेल दिसू लागलं की झालं. टोमॅटो फार आंबट असले तर चिमूटभर साखर.

पास्ता पेन्ने, म्हणजे आखूड नळ्यांचा घ्या, माणशी ८० ते १०० ग्रॅम. पाकिटावर डुरम गव्हाचा रवा लिहिलंय ना ते बघा. इटलीत सुका पास्ता डुरमचाच असावा असा १९६७ साली कायदाच झाला, आणि आपल्याकडचा बन्सी गहूही डुरमच. हा पास्ता शिजल्यावर गिळगिळीत होत नाही. तिकडचं प्रमाण सोपं आहे: १०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. पाण्यात तेल घालू नका, नाहीतर सॉस पास्त्याला धरत नाही. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी पास्ता काढा आणि त्याआधी कपभर पाणी राखून ठेवा. नळाखाली मुळीच धुऊ नका!

चिकन बाजूला काढा. सॉस मोठ्या आचेवर आणा, त्यात पास्ता आणि अर्धा कप राखलेलं पाणी घालून दोन मिनिटं सतत परता. त्या पाण्यातल्या पिठामुळे तेल आणि टोमॅटो एकजीव होऊन प्रत्येक नळीला चिकटतात. ही दोन मिनिटं गाळून सॉस नुसता वरून ओतला तर बाकीची सगळी मेहनत अर्धी वाया जाते. गॅस बंद करून मगच किसलेलं पेकोरिनो किंवा पार्मेझान चीज, ४० ग्रॅम पुरे. प्रोसेस्ड चीज घालण्यापेक्षा चीजशिवाय खा. पार्सली नसेल तर तशीच सोडा, तिच्या जागी कोथिंबीर घातली की चव पुन्हा घरच्या रश्शाकडे वळते.

लहान मुलं असतील तर मिरच्या अख्ख्या, न मोडता तेलात घाला आणि टोमॅटो ओतण्याआधी उचलून घ्या. मोठ्यांसाठी थोड्या तेलात वेगळ्या मिरच्या उतरवून ते तेल त्यांच्या ताटलीत वरून सोडा. सॉस आणि चिकन आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालतं, पास्ता मात्र मंडळी बसायच्या वेळीच उकळायला टाका.