लोंडोला माफ करायचं का?

प्रश्न : ताई, सध्या ‘बॅबिलॉन ५’ ही अंतराळातली इंग्रजी सिरीयल बघून राहिलो. त्यातल्या सेंटॉरी लोकांच्या राजदूतानं, लोंडो मोलारीनं, शत्रू ग्रहावरच्या नार्न लोकांचा सत्यानाश केला, तरी शेवटी त्याचीच कीव येते. माझं काही चुकतंय का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : चुकत काही नाही भाऊ, सिरीयल लिहिलीच तशी आहे. १९९५ च्या एपिसोडमध्ये सेंटॉरी जहाजांतून नार्न ग्रहावर दगडांचा मारा होतो तेव्हा लोंडो जहाजाच्या खिडकीत उभा, चेहरा पार उतरलेला, पण थांबवत तर नाही ना. पुढे सेंटॉरींच्याच वेड्या सम्राट कार्टाजियाला संपवायला नार्न राजदूत जकारची मदत घेतो, त्यालाही मी पुण्य नाही म्हणणार, स्वतःचा ग्रह वाचवायचा होता म्हणून घेतली. खरं मोठं मन जकारचं, पाचव्या सीझनमध्ये तो सांगतो की माझे लोक तुझ्या लोकांना माफ नाही करू शकत, मी मात्र तुला करतो. म्हणजे माफी फक्त दोघांपुरती, बाकी हिशोब तसाच, आणि सम्राट होऊनही लोंडोच्या खांद्यावर तो कीपर, म्हणजे माणसाला ताब्यात ठेवणारा परका जीव, बसलेलाच. तेव्हा कीव करा बिनधास्त.

मला विचाराल तर लोंडोचा सहाय्यक वीर, त्याचं जास्त वाईट वाटतं, पहिल्यापासून नको नको म्हणणारा तोच अन् कार्टाजियाला सुई टोचायची वेळ आली तीही त्याच्यावरच, त्याच्याबद्दल कोणी काहून नाही विचारत बाप्पा?