डाउनपाइप बदललेली गाडी, नापास पीयूसी आणि नोव्हेंबरची मुदत

प्रश्न : माझी स्कोडा लॉरा व्हीआरएस नोव्हेंबर २०११ ची, एमएच-१३ पासिंगची आहे. २०२० मध्ये घेतली तेव्हाच तिला बाहेरचा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पहिला पाइप), सरळ एक्झॉस्ट आणि रिमॅप (इंजिनच्या संगणकाच्या सेटिंगमधला बदल) केलेला होता. पीयूसी आजवर एजंट आणून देत होता. येत्या नोव्हेंबरात, २०२६ ला, आरसीची १५ वर्षं संपतात, म्हणून या वेळी गाडी स्वतः सेंटरवर नेली आणि ती नापास झाली. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.४२ टक्के, एचसी (न जळलेलं इंधन) २६० पीपीएम. धाराशिवच्या मित्राची २०११ चीच गाडी साधारण याच आकड्यांवर पास होते. जुन्या गाडीला जुनी मर्यादा लावा असा अर्ज करता येईल का? नाहीतर डाउनपाइपची आरसीवर नोंद करून मिळेल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : असे प्रश्न दर महिन्याला येतात. कधी बुलेटचा सायलेन्सर असतो, कधी थारचे टायर, आणि प्रत्येकाला शेवटी 'आरसीवर नोंद' हवी असते. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असं आहे. पहिल्या 'नाही'मागचं कारण मात्र नीट समजून घ्या. तुमचं सगळं प्रकरण त्यावरच ठरणार आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ११५(२) गाडीचं वय विचारत नाही. गाडी कोणत्या उत्सर्जन मानकानुसार (भारत स्टेज, म्हणजे बीएस) बनली, एवढंच तो पाहतो. पेट्रोल चारचाकीच्या आयडलच्या मर्यादा अशा : बीएस-२ च्या आधीच्या गाडीला सीओ ३ टक्के, एचसी १५०० पीपीएम, बीएस-२ आणि बीएस-३ ला ०.५ टक्के आणि ७५०. बीएस-४ ला ०.३ टक्के आणि २००. तुमचे आकडे बीएस-३ मध्ये आरामात बसतात, बीएस-४ मध्ये दोन्हीकडे बाहेर पडतात. शिवाय बीएस-४ गाडीची अडीच हजार आरपीएमच्या आसपास दुसरी चाचणी होते. तिथे सीओ ०.२ टक्क्याच्या आत आणि लॅम्डा (हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ मध्ये लागतो.

आता धाराशिवचा मित्र. १ एप्रिल २०१० ला बीएस-४ देशभर लागू झालं नव्हतं, फक्त १३ शहरांत झालं होतं. दिल्ली परिसर, मुंबई, पुणे, हैदराबाद यांच्या त्या यादीत आपलं सोलापूरही होतं. उरलेल्या देशात बऱ्याच ठिकाणी बीएस-३ गाड्या मार्च २०१७ अखेरपर्यंत विकल्या जात होत्या. त्यामुळे २०११ ची धाराशिवची गाडी बीएस-३ असू शकते. त्याच वर्षी सोलापुरात नोंदलेली नवी कार बीएस-४ च असणार. तुमच्या आरसीवर किंवा वाहन पोर्टलवर मानकाचा रकाना आहे, तो आधी उघडून पाहा. तिथे चुकून बीएस-३ पडलं असेल तर खूश होऊ नका. कंपनीने नोंदणीच्या वेळी दिलेला फॉर्म २२ (गाडी कोणत्या मानकाची, याचा दाखला) रेकॉर्डला असतो आणि दुरुस्ती त्याच्या बाजूने होते. एनओसी घेऊन गाडी धाराशिवच्या एमएच-२५ ला नेण्याचा विचार मनात आला असेल, तर तोही सोडा. पत्ता बदलला म्हणून गाडी बनवतानाचं मानक बदलत नाही.

आणखी एक. तुमची आजवरची पीयूसी काढून बघा. मुदत वर्षाची दिसेल. ती सवलत बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांनाच आहे, बाकीच्यांना सहा महिन्यांचं मिळतं. दरवर्षी बीएस-४ ची सवलत घ्यायची आणि नापास झाल्यावर बीएस-३ ची मर्यादा मागायची, असा अर्ज पाहून कारकूनसुद्धा हसेल.

आरसीवरच्या नोंदीचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांच्या मान्यताप्राप्त किटला वाट आहे. कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढलेल्या डाउनपाइपला नाही. 'फेरबदल' म्हणजे गाडीच्या मूलभूत स्वरूपात बदल घडवणारा रचनेतला बदल, अशी व्याख्या त्याच कलमात आहे, आणि डाउनपाइप त्यात बसतो का यावर वाद घालता येईल. पण तो वाद जिंकूनही पीयूसी मिळत नाही. उलट नोंदीसाठी अर्ज करणं म्हणजे कलम १८२अ(४) साठी स्वतःच्या सहीने पुरावा देणं. तिथे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड आहे. तुमच्याकडे मोजायला तीन गोष्टी आहेत.

म्हणजे गाडी मूळ रूपात आणणं एवढाच मार्ग उरतो. या इंजिनात कॅट डाउनपाइपमध्येच बसवलेला असतो, त्यामुळे डाउनपाइप बदलला त्या दिवशीच कॅट गेला. गाडी घेताना 'मूळ डाउनपाइप कुठे आहे?' एवढं विचारायला हवं होतं. त्यातल्या पॅलेडियम-ऱ्होडियमपायी तो बहुधा भंगारवाल्याकडे पोहोचला असेल. आधीच्या मालकाला फोन करा, माळ्यावर पडला असेल तर नशीब. नाहीतर नवा, किंवा भंगारात निघालेल्या तशाच गाडीचा. जुना घेताना टॉर्च मारून आतली जाळी सलग आहे का ते पाहा. रबरी हातोडीने ठोकल्यावर आत खुळखुळलं तर हात लावू नका. बाजारात 'स्पोर्ट्स कॅट' मिळतो, दोनशे सेलचा, म्हणजे विरळ जाळीचा. गरम असताना त्यावर गाडी पास होऊही शकते, पण निरीक्षकाने बॉनेट उघडून विचारलं तर उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.

कॅट लावण्याआधी तेलाचं पाहा. ही १.८ टीएसआय इंजिनं तेल पिण्याबद्दल बदनाम आहेत. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली तेलाची वाफ परत ओढणारी झडप) गेला असेल किंवा पिस्टनच्या रिंगा चिकटल्या असतील तर एचसी खाली येणार नाही, आणि जळक्या तेलातला फॉस्फरस नव्या कॅटला काही महिन्यांत निकामी करेल. प्लग, इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन, ताजं तेल ही कामं त्याच वेळी उरका. मग रिमॅप काढून कंपनीचा मॅप परत टाका. स्टेज-टूच्या (बदललेल्या डाउनपाइपसाठीच्या) मॅपमध्ये कॅटमागच्या ऑक्सिजन सेन्सरची देखरेख बहुधा बंद केलेली असते, म्हणून इतकी वर्षं कॅटशिवाय फिरूनही चेक-इंजिनचा दिवा लागला नाही. सेन्सरला स्पेसर (त्याला पाइपपासून दूर धरून फसवणारा तुकडा) लावला असेल तर तोही काढा. शेवटी गळती. थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरचं तोंड जाड फडक्याने क्षणभर दाबा, सांध्यात फुसफुस ऐकू आली की तिथला गॅस्केट किंवा क्लॅम्प बदला. त्या फटीतून बाहेरची हवा आत येते आणि बाकी सगळं ठीक असूनही लॅम्डा १.०३ च्या वर जातो.

चाचणीच्या दिवशी गाडी मोहोळच्या दिशेने पंधरा-वीस मिनिटं पळवून थेट सेंटरवर न्या. कॅट साधारण तीनशे अंशाच्या खाली कामच करत नाही, आणि रांगेत अर्धा तास बंद उभी राहिलेली चांगली गाडीही नापास होते. नापास झाल्यावर मिळालेली रिजेक्शन स्लिप टाकून देऊ नका. सेंटरच्या मशीनबद्दल शंका असेल तर तीच दाखवून दुसऱ्या सेंटरवर पुन्हा तपासणी मागता येते.

त्याच स्लिपमुळे एजंटचा मार्गही आता बंद समजा. नापास निकाल नोंदलेला असताना काम न करता आलेलं 'पास' प्रमाणपत्र कुणाच्याही डोळ्यांत भरेल. असा कागद बनावट की नुसता खोटा, यावर वकील भांडतील. भारतीय न्याय संहितेत दोन्हींना शिक्षा आहे. नापास गाडी रस्त्यावर सापडली तर कलम १९०(२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र. मोठ्या आवाजाच्या एक्झॉस्टलाही हेच कलम लागतं.

आता तारीख. नूतनीकरणाचा फॉर्म २५ मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत भरता येतो, म्हणजे सप्टेंबरपासून. वरची सगळी कामं ऑगस्टअखेर संपवा, कारण कॅट मागवण्यात आणि गॅरेजच्या 'उद्या'मध्ये आठवडे जातात. उशीर झाला तर दरमहा ५०० रुपये जादा शुल्क आहे, ते परवडेल. मुदत संपलेल्या आरसीवर गाडी चालवणं परवडणार नाही. कलम १९२ खाली पहिल्या वेळी किमान २,००० रुपये दंड, आणि त्या अवस्थेत अपघात झाला तर विमा कंपनी तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा लढवल्याशिवाय सोडणार नाही. तिऱ्हाइताची भरपाई ती बहुधा देईल, पण नंतर तुमच्याकडून वसूल करायचा प्रयत्न करेल. पॉलिसीचे शब्द पाहिल्याशिवाय याहून जास्त सांगणार नाही.

तपासणीत निरीक्षक चॅसिस आणि इंजिन क्रमांक जुळवतो, विमा, पीयूसी आणि पर्यावरण कर पाहतो. नकार दिला तर तोंडी घेऊन घरी येऊ नका, लेखी आदेश मागा. कलम ५७ चं अपील आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत करायचं असतं, आणि आदेशच हातात नसेल तर अपील कशावर करणार? उच्च न्यायालय ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचमुळे सोलापूरकरांना जवळ आलं आहे खरं, पण याचिका बोर्डावर येईपर्यंत गाडी अंगणात उभी राहील आणि बॅटरी दोनदा बदलावी लागेल. एका कॅटसाठी ती वाट धरू नका.

आधीच्या मालकावर दावा करायचा विचार असेल तर मी त्यात फारशी आशा दाखवणार नाही. बदल तुम्हाला दिसत होते, आणि सहा वर्षं तुम्ही गाडी चालवलीत. कॅट घेताना मात्र पक्कं बिल घ्या, त्यावर चॅसिस क्रमांक आणि सुट्या भागाचा क्रमांक लिहून घ्या आणि ते फॉर्म २५ च्या कागदांसोबत ठेवा.