खिडकीवरचा काळा कागद

डिसेंबर लागला की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मॅडम, थंडीत मला डिप्रेशन येतं." हल्ली 'विंटर ब्लूज' (थंडीतली उदासी) हे नावही लोक घरूनच घेऊन येतात.

त्यातलाच हा मुलगा (ओळख बदलली आहे). वय २८, अमेरिकेतल्या क्लायंटचं काम घरून करणारा. सोबत आई आली होती. "दोन वर्षं झाली, थंडी पडली की असंच हुतंय बघा. जेवायला हाक मारली तरी खोलीतनं बाहेर येत न्हाई."

तो एवढंच म्हणाला, "काही करूच वाटत नाही. सीझनल आहे हे, मी वाचलंय."

वाचलेलं खोटं नव्हतं. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ऋतुबद्ध नैराश्याचं वर्णन केलं. पण ते जास्त आढळतं उत्तरेकडच्या देशांत. हेलसिंकीत ऐन डिसेंबरात दिवस सहा तासांचाही नसतो. कोल्हापुरातला सर्वांत लहान दिवस जवळपास ११ तासांचा. मग एवढा उजेड या पोरापर्यंत पोचत का नाही?

दोन भेटी कामाच्या ताणावर बोलण्यात गेल्या. तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, "तुझी खोली सांग मला. दारातून आत आलं की काय दिसतं?"

"टेबल. दोन मॉनिटर. खिडकी."

"आणि खिडकीतून?"

"काही नाही. काळा कागद चिकटवलाय. सकाळी झोपतो ना, ऊन तोंडावर येतं."

"कधी चिकटवलास?"

तो गप्प झाला. मी मध्ये बोलले नाही. अशा शांततेला घाई करायची नसते, हे मी इतक्या वर्षांत शिकले आहे. "दोन वर्षांपूर्वी," तो सावकाश म्हणाला, "नाईट शिफ्ट लागली तेव्हा. दिवाळीनंतर."

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. पहाटे साडेतीनला सुटणारं त्याचं काम साडेचारला सुटू लागतं. उठायला दुपारचा दीड, सहाला सूर्यास्त. उन्हाळ्यात सातपर्यंत उजेड असतो, तेव्हा निदान रंकाळा तलावावर जायचा. थंडीत तेही बंद.

"शिफ्ट माझ्या हातात नाही, मॅडम."

"कागद आहे की!"

मन उभारी धरेल मग बाहेर पडू, असं म्हणत बसू नये. आधी पाय उचलावे, मन मागून येतं. माझं सगळं काम याच विश्वासावर चालतं. त्याला झोपेसाठी अंधार हवाच होता. म्हणून कागदाऐवजी जाड पडदा सुचवला, कारण पडदा उठल्यावर सारता येतो. उठल्यावर मोबाइल न घेता चहा गच्चीवर, अर्धा तास. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड खोलीतल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. आणि पाचला रंकाळा, मित्रासोबत.

मात्र सलग दोन आठवडे उदासी हटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे थांबायचंच नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

जानेवारीअखेर त्याच्या आईचा फोन आला. मावळतीचे किरण देवीच्या मूर्तीवर पडतात, त्या अंबाबाईच्या किरणोत्सवाला दोघं गेले होते, गर्दीत तासभर उभे. "कागद काढला त्यानं. काचंवर डिंकाचे डाग राहिल्यात, ते खरवडालाय आता."