जादू काढून घेतली तरी तो मर्लिनच राहतो

तुम्ही विचारलंय, की फँटसी मालिकेतली जादू, तलवारी, राजवाडा सगळं काढून टाकलेल्या एयू (ऑल्टरनेट युनिव्हर्स) फॅनफिक, म्हणजे तीच पात्रं वेगळ्या जगात नेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथा, लोक एवढ्या आवडीने का वाचतात, आणि एखादी आवडलीच तर लेखिकेला 'मस्त!'च्या पलीकडे काय कळवायचं.

मी बीबीसीच्या 'मर्लिन'वरच्या फिक वर्षानुवर्षं वाचतेय, म्हणून तिच्यावरूनच सांगते. मालिका 2008 ते 2012 चालली. राजा उथरने जादूला देहदंड ठेवलाय, आणि त्याच्याच मुलाच्या, आर्थरच्या, नोकराच्या अंगात ती जन्मजात आहे. हा नोकर म्हणजे मर्लिन, आणि पाच सीझन तो ती लपवतो. आर्थरला कळतं ते मरणपंथाला लागल्यावर. शेवटच्या दृश्यात म्हातारा मर्लिन आजच्या डांबरी रस्त्याने एकटाच चालत जातो, शेजारून ट्रक जातो. मॉडर्न एयूचं दार मालिकेनेच उघडं ठेवलंय!

एयूत लेखिका सगळा सरंजाम काढून घेते आणि तरी माणूस ओळखू यायला हवा, ही अट स्वतःवर घालते. आपल्याकडे हे नवं नाही. मोरोपंतांच्या नावावर 108 रामायणं सांगतात, त्यातल्या एकात ओठाला ओठ लागणारं अक्षरच नाही. म्हणजे 'राम' हे नावही नाही, आणि तरी कथा रामाचीच.

मी वाचलेल्या एका फिकमध्ये आर्थरचा खांदा निखळलाय आणि मर्लिन गाडीत वाकून त्याचा सीटबेल्ट लावतो. बस्स, एवढंच. पण मालिकेत तो रोज आर्थरच्या चिलखताचे पट्टे आवळतो, ते हात मी त्या ओळीत ओळखले.

त्याच फिकमध्ये उथर कारखान्याचा मालक आहे. मर्लिनचा बाप बालिनॉर मालिकेत उथरने जिवावर उठून परागंदा केलेला ड्रॅगनलॉर्ड, म्हणजे ड्रॅगन ज्याचं ऐकतात असा माणूस. इथे तो संपात कामावरून काढलेला फिटर. मर्लिन आर्थरपासून जादू नाही, बापाचं नाव लपवतो. आणि हा बालिनॉर कारखाना सुटून वर्षं झाली तरी दर रविवारी कामाचे निळे कपडे धुऊन दोरीवर टाकतो.

तिथे मी मोबाइल खाली ठेवला. माझे बाबा इंदूरच्या एका मिलमध्ये होते. मिल बंद पडल्यावरही कित्येक महिने ते सकाळी डबा घेऊन निघायचे, गेटपाशी बसायचे आणि दुपारी घरी येऊन तोच डबा खायचे. आई रोज भरून द्यायची, एका शब्दाने विचारायची नाही. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ब्रिटनच्या जुन्या दंतकथेवरच्या मालिकेतून, कुठल्या देशात राहते तेही मला ठाऊक नाही अशा बाईच्या हातून, ते माझ्यापुढे आलं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं. आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅनफिकच्या साइटवर एका फिकला कुडोज, म्हणजे तिथलं लाइक, एकदाच देता येतं. द्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. कुठल्या ओळीपाशी थांबलात ते लिहा. ती ओळ तशीच्या तशी उतरवून घ्या. मालिकेतली कुठली गोष्ट तिने कशात बदलली ते तुम्हाला दिसलं असेल, तर तेही सांगा. कारण ते लपवून पेरलेलं असतं, आणि कुणाच्या तरी नजरेला पडावं म्हणूनच पेरलेलं असतं. पुढचा चॅप्टर कधी, असं मात्र विचारू नका. लिहिणारी नोकरी, घर, आजारपण सांभाळून फुकट लिहिते. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, माझंही साधंच आहे.

मी निळ्या कपड्यांबद्दल लिहिलं, मग डब्याबद्दलही लिहिलं. चार दिवसांनी तिचं उत्तर आलं. आभार वगैरे होतेच, आणि खाली एक प्रश्न: डब्यात काय असायचं?

मी कळवलं, तीन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि कैरीच्या लोणच्याची एक फोड.