बाण तिकडे जातच नाही ना!

गोव्यातल्या डिचोलीकडची एक आई नववीतल्या मुलाला घेऊन आली. बसायच्या आधीच सुरू: "टीचर, फूड वेब तोंडपाठ आहे याला. पण 'बेडूक कमी झाले तर काय होईल' म्हणून विचारलं की पाचातला एक मार्क. याला सायन्स झेपेल का हो?" मुलगा नखं कुरतडत होता.

सहामाहीचे पेपर हातात पडले की ही काळजी घेऊन कुणीतरी येतंच. बहुतेकांना वाटतं, पोर निष्काळजी आहे. मी आईला थोडा वेळ बाहेर बसवलं आणि त्याला म्हटलं, तुमच्याच शेताचं फूड वेब, म्हणजे कोण कुणाला खातं त्याचं जाळं, काढ.

भात, नाकतोडा, बेडूक, धामण, उंदीर. बाण अगदी बरोबर, खाल्ल्या जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे. मी खोडरबर घेतलं आणि बेडूक पुसला. पावसाळ्यात आपल्याकडे रात्री बॅटऱ्या घेऊन बेडूक मारायला निघणारे त्यालाही माहीत होते. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, तरी बेडकाचं मांस 'जंपिंग चिकन' म्हणून ताटात येतंच.

"आता?"

"धामण उपाशी."

"आणि नाकतोडे?"

"त्यांना काय होणार? बाण तिकडे जातच नाही ना!"

इथे होती गोम. मुलाचं डोकं चालत होतं, आणि एकच नियम धरून चालत होतं: बाण जिकडे, परिणाम तिकडे. बाण फक्त अन्न कुठे जातं ते दाखवतो. खाणारा कमी झाला की ज्याला तो खायचा त्याचं फावतं, हे बाणाच्या उलट्या दिशेने घडतं. म्हणजे नाकतोडे वाढणार, आणि भात कुरतडला जाणार.

उंदरांपाशी मात्र गाडी अडली. बेडूक आणि उंदीर यांच्यात बाणच नाही. मग मी विचारलं, जून-जुलैत मासेमारीचे ट्रॉलर बंद असतात तेव्हा घरी काय शिजतं? "सुकी मासळी. नायतर चिकन." मग कोंबडी आणि बांगड्यात बाण कुठे आहे? तो हसला. "म्हणजे धामण उंदरांवर तुटून पडणार!"

पण धामणीच कमी झाल्या तर उंदीर वाढतीलही, असं मी म्हटल्यावर चिडला. "मग खरं उत्तर कुठलं?" आधी एक, नंतर दुसरं, असंही होऊ शकतं. कारण लिहिलंस तर दोन्ही चालतील. हे त्याला अजिबात आवडलं नाही. एकच उत्तर घोकायची सवय आपणच लावलेली असते, त्याला काय बोलणार?

आईला इतकंच सांगितलं: ट्यूशन नको, अकरावीचं नंतर बघू. चुकलेलं उत्तर दिसलं की ओरडण्याआधी विचारा, "हे कसं काढलंस?"

पुढच्या चाचणीत पाचात तीन. दोन मार्क कुठे गेले ते बघितलं, तर पठ्ठ्याने आता प्रत्येक बाणाला दोन्ही बाजूंनी टोकं काढली होती. गुरुवारी परत बोलावलंय.