पोटरी दुखतेय, मालीशवाल्या मावशींना बोलवू का?

प्रश्न: ताई, आईचं गुडघा बदलायचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेत, वॉकर घेऊन चालते पण दोन दिवसांपासून त्याच पायाची पोटरी दुखतेय आणि सूजही वाढलीय. आमच्याकडे बाळंतिणींची मालीश करणाऱ्या मावशी येतात, त्या म्हणतात नस चढलीय, गरम तेलाने रगडली की मोकळी होईल. बोलवू का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: नका बोलवू. आधी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करा, आणि तो आजच करा, उद्यावर ढकलू नका. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर थोडीफार सूज बरेच आठवडे राहते हे खरंय, पण एकाच पायाची सूज अचानक वाढली, पोटरी दाबली की कळ येतेय, हात लावला की दुसऱ्या पायापेक्षा गरम लागतेय असं असेल तर आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ती बाहेरून ना तुम्हाला कळणार, ना मावशींना, ना मला, त्यासाठी पायाची डॉपलर सोनोग्राफी करावी लागते. आणि गुठळी असताना पोटरी रगडली तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते, जिवावर बेततं हो. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं तर वाट बघत बसू नका, १०८ ला फोन करा.

आईंना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का तेही बघा, ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना देतात, त्या चालू असताना जोरात दाबलं की आत रक्त साकळतं.

मावशींचा हात चांगला असेल यात मला शंका नाही, कंबर आखडणं, कामाने अंग ठणकणं याला हलक्या हाताची तेल मालीश खरंच छान, तिळाचं घ्या नाहीतर खोबरेल. पण त्या बाळंतिणींकडे जातात म्हणून सांगते, बाळंतपणानंतर पहिले सहा आठवडे गुठळीचा धोका जास्तच असतो, तिथेही एकच पाय सुजला असेल तर तेलाची वाटी बाजूला ठेवायची. सिझेरियन असेल तर टाका भरेपर्यंत पोटाला हातच लावायचा नाही.

डॉपलर नॉर्मल आली, जखम पूर्ण भरली, की मग व्रणाभोवती हलक्या हाताने कसं चोळायचं ते तुमचे फिजिओच दाखवतील.

प्रश्न: बाबांना बरीच वर्षं शुगर आहे, तळपायांची आग होते. काश्याच्या वाटीचं मशीन असतं तिथे नेऊ का? पाय काळे होतात म्हणजे उष्णता निघते ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: तो काळा रंग काश्याचा धातू आणि तेल-तूप एकमेकांवर घासून येतो, अंगातून काही निघत नाही. निरोगी माणसाला झोपताना वाटीने तळपाय घासून घेतले की बरं वाटतं, जरूर घ्या. बाबांचं मात्र वेगळं आहे, आग होणं म्हणजे शुगरने नसांवर परिणाम झालेला असू शकतो, अशा पायांना चटका किंवा सोलपटलेलं कळतच नाही आणि तीच जखम पुढे चिघळते. आधी डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्या. त्यांनी हो म्हटलं तर घरीच, कोमट तेलाने, तुमच्या हाताने, आणि झाल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसून घ्या, भेगा असतील तर नकोच.

प्रश्न: सलूनमध्ये चंपीनंतर मान कडकन मोडून देतात, चालतं का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: चंपी खुशाल करून घ्या, मान मोडू देऊ नका. त्या झटक्याने मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटू शकते, तरुण माणसालाही त्यातून पक्षाघात झाल्याच्या केसेस आहेत. खुर्चीत बसतानाच सांगून टाका, दादा, मानेला झटका द्यायचा नाही.